खाज एका पेशीची, गोळी दुसरीला

प्रश्न: माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दोन वर्षांचा असल्यापासून कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांच्या मागे आणि मानेवर इसब आहे. दिवसा खेळात विसरतो, पण रात्री झोपेत इतकं खाजवतो की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात. दोन वर्षं रोज रात्री सेटिरिझिनचं सिरप देते. त्याला झोप लागते, पण हात काही थांबत नाहीत. मेडिकलमधून आणलेल्या एका ट्यूबने तीन दिवसांत साफ होतं आणि आठवड्याभरात परत येतं. रक्त तपासलं तर आयजीई (अ‍ॅलर्जीशी जोडलेलं रक्तातलं प्रथिन) 1,840 आणि इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या. अंड्याची अ‍ॅलर्जी 'पॉझिटिव्ह' आली. आधी तो आठवड्यातून दोनदा अंडं खायचा, तेव्हा कधी काही झालं नव्हतं. तरी आठ महिने अंडं, दूध, शेंगदाणे, वांगं सगळं बंद केलंय. फरक नाही, वजन मात्र वाढत नाही. यांना लहानपणापासून दमा आहे. सासूबाई म्हणतात रक्त बिघडलंय. त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे का? ती वाढवायचं औषध द्यावं का? स्टेरॉइडची तर आता भीतीच बसली आहे.
– एक आई, नाशिक

ताई, आधी प्रतिकारशक्तीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमच्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी नाही. त्याच्या त्वचेतल्या काही संरक्षक पेशी गरजेपेक्षा जास्त, आणि नको त्या दिशेने काम करतायत. त्यामुळे 'इम्युनिटी वाढवणारी' सिरपं आणि पावडरी देऊन काही साधणार नाही. घटक न छापलेल्या पुड्या आणि मलमं तर अजिबात नकोत. अशा मालात न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. रक्त बिघडलेलं नाही, हेही सासूबाईंना समजावून सांगा. बिघाड कातडीत आहे, रक्ताच्या रिपोर्टात फक्त त्याची खूण उमटली आहे.

तुम्ही सांगितलेल्या जागा, लहान वयातली सुरुवात आणि वडिलांचा दमा हे सगळं एकत्र पाहिलं तर हा अ‍ॅटोपिक डर्माटायटिस, म्हणजे आपण ज्याला इसब म्हणतो त्यातला मुलांमध्ये सर्वांत जास्त दिसणारा प्रकार वाटतो. तरी दोन गोष्टी आजच उजेडात बघा. घरात आणखी कुणाला रात्री खाज सुटते का? मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती किंवा लघवीच्या जागी बारीक पुळ्या आहेत का? तसं असेल तर ती खरूज असू शकते. तिच्यावर 5 टक्के परमेथ्रिन क्रीम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्रभर लावून सकाळी धुतात आणि सात दिवसांनी पुन्हा लावतात. हे घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री करायचं, खाज असो वा नसो. एकजण सुटला की खरूज परत येते. दुसरं म्हणजे चट्ट्याची कड. कड उंचावलेली, खपलीदार आणि मधला भाग साफ असेल तर ते बहुधा गजकर्ण आहे. मेडिकलवाल्याच्या ट्यूबने गजकर्णाची ही कड पुसट होते आणि भलेभले चकतात. म्हणून ती ट्यूब लावत होतात हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा.

आता पेशींकडे येऊ. इथे थोडं थांबून समजून घेतलंत तर पुढे कुठलं औषध कशासाठी आहे हे तुमचं तुम्हालाच कळेल.

त्वचेचा सर्वांत वरचा थर पाणी आत धरून ठेवतो आणि बाहेरचं बाहेर. त्याच्या घडणीत फिलाग्रिन नावाचं प्रथिन लागतं. 2006 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी दाखवलं की फिलाग्रिनच्या जनुकात दोष असलेल्या मुलांना इसबाचा धोका बराच जास्त असतो. इसबाच्या प्रत्येक मुलात हा दोष असतोच असं नाही, पण थर कच्चा असणं मात्र जवळपास प्रत्येकात दिसतं. अशी त्वचा कोरडी पडते, तिला बारीक भेगा जातात आणि त्यांतून साबण, धूळ, घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची विष्ठा, जंतू असं काहीबाही आत शिरतं.

त्यावर त्वचेच्या पेशी धोक्याचा इशारा देतात. टीएसएलपी आणि आयएल-33 ही त्या इशाऱ्याच्या रसायनांची नावं. इशारा मिळाला की त्वचेतल्या पहारेकरी पेशी जवळच्या लसिका ग्रंथीत जाऊन टी-पेशींना जागं करतात. त्यांतल्या टीएच-2 नावाच्या टी-पेशी मुळात जंतांशी लढण्यासाठी असतात. इथे जंत नाहीत, तरी त्या त्वचेत येऊन ठाण मांडतात आणि आयएल-4, आयएल-13 आणि आयएल-31 ही रसायनं सोडत राहतात.

तुमच्या मुलाची खाज मुख्यतः या तिघांची आहे. आयएल-31 ला पकडणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, थेट खाजेच्या मज्जातंतूंवर असतात. आयएल-4 मज्जातंतूला अधिक हळवं करतं, म्हणजे जी गोष्ट एरवी जाणवलीही नसती, शर्टाची शिवण किंवा घामाचा थेंब, ती खाज बनते. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने 2017 मध्ये हे उंदरांत आणि माणसांच्या मज्जापेशींत दाखवलं. शिवाय आयएल-4 आणि आयएल-13 मिळून त्वचेतलं फिलाग्रिन आणखी घटवतात, जंतूंना मारणारी त्वचेची स्वतःची द्रव्यंही कमी करतात. कच्च्या थरामुळे पेशी चिडतात आणि चिडलेल्या पेशींमुळे थर आणखी कच्चा होतो. या फेऱ्याला दोन्ही बाजूंनी हात घातल्याशिवाय तो तुटत नाही. नुसतं मॉइश्चरायझर किंवा नुसतं मलम अपुरं पडतं ते यामुळेच.

मग सेटिरिझिनने का होत नाही? सेटिरिझिन अडवतं हिस्टामिन नावाच्या खाज आणणाऱ्या रसायनाला. हिस्टामिन सोडतात मास्ट पेशी, आणि त्यांची खरी करामत बघायची तर अंगावर पित्त उठलेल्या माणसाकडे बघावं. काही मिनिटांत गांधी उठतात, काही तासांत खूणही न ठेवता मावळतात. त्या आजारात सेटिरिझिनसारखी औषधं हेच पहिलं आणि योग्य औषध. इसबाची खाज मात्र मुख्यतः हिस्टामिनच्या वाटेने येतच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं दोन वर्षं चाललंय. सिरपने थोडी गुंगी येते म्हणून झोप लागते इतकंच, आणि ती झोपही नीट विश्रांती देणारी नसते. डोळे चोळणं, शिंका, सर्दी असा अ‍ॅलर्जीचा त्रास सोबत असेल तर डॉक्टर त्यासाठी हे औषध ठेवतील. इसबासाठी ते रोज द्यायचं कारण नाही.

एक अनुभव तुम्हालाही आला असेल: धुळीच्या खोलीत खेळला किंवा मांजराला कुरवाळलं की एकदम खाजेचा भडका उडतो. त्यामागे बहुधा बेसोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. 2021 मध्ये उंदरांत असं दिसलं की अशा भडक्यात बेसोफिल हिस्टामिनऐवजी ल्युकोट्राइन नावाचं द्रव्य मज्जातंतूंवर सोडतात. म्हणजे तो भडकासुद्धा सेटिरिझिनच्या आवाक्याबाहेरचा असू शकतो.

खाजवण्याचंही ऐका. 2025 च्या जानेवारीत पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. खाजवल्यावर मज्जातंतूंच्या टोकांतून 'सब्स्टन्स पी' नावाचं रसायन बाहेर पडतं, ते मास्ट पेशींना चेतवतं आणि सूज वाढते. ज्या उंदरांना खाजवता येऊ दिलं नाही त्यांची सूज बरीच कमी राहिली. म्हणजे नखं कापणं आणि हात थांबवणं हा उपचाराचाच भाग आहे. पण म्हणून मुलावर 'खाजवू नकोस' असं ओरडू नका. झोपेत तो ऐकूच शकत नाही, आणि दिवसा ओरडा खाल्लेलं मूल लपून खाजवतं. हाताला दुसरं काम द्या: खाजवण्याऐवजी तळवा दाबून धरणं, किंवा फ्रीजमधल्या थंड पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल पाच-दहा मिनिटं ठेवणं. गारव्याने खाजेचा संदेश खरोखरच मंदावतो. बर्फ थेट लावू नका.

रिपोर्टाबद्दल. आयजीई 1,840 बघून घाबरू नका. इसबाच्या मुलांत ते वाढलेलं असणं नेहमीचं आहे आणि त्या आकड्यावर उपचार ठरत नाही. तो उतरवायच्या मागेही लागू नका. त्वचा सुधारतेय की नाही हे रक्ताने नव्हे, त्वचेने आणि झोपेने सांगायचं. इओसिनोफिलही त्याच टीएच-2 पेशींच्या हाकेने वाढतात. मात्र पोटात जंत असले तरी या दोन्ही गोष्टी वाढतात, तेव्हा शाळेत जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी त्याने घेतली होती का ते पाहा. 400 मिलिग्रॅमची ही गोळी वर्षातून दोनदा देतात.

खाण्याच्या पथ्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: हे पथ्य त्याचं नुकसान करतंय. रक्तातली अंड्याची तपासणी पॉझिटिव्ह येणं म्हणजे शरीराने अंड्याची ओळख धरून ठेवली आहे, एवढंच. खरी अ‍ॅलर्जी असेल तर खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते किंवा श्वास लागतो. तो अंडं खात होता तेव्हा यातलं काहीच होत नव्हतं. आठ महिने बंद ठेवूनही इसबात फरक नाही, म्हणजे उत्तर मिळालंच आहे.

पण थांबा, उद्या सकाळी ऑम्लेट करून देऊ नका. जी गोष्ट शरीर रोज सहन करत होतं, ती इसबाच्या मुलात अनेक महिने पूर्ण बंद केली की काहींची ती सहनशीलता जाते आणि पुन्हा दिल्यावर खरी, जोराची प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून ज्याची तपासणी पॉझिटिव्ह आहे ते अंडं, आणि दूध नि शेंगदाणे यांची तपासणी झाली नसेल तर तेही, डॉक्टरांच्या देखरेखीत सुरू करायचं. वांगं घरीच सुरू करा. आणि हे काम पुढे ढकलू नका. सात वर्षांच्या मुलाला दूध, अंडं, शेंगदाणे तिन्ही नाहीत म्हणजे प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्हींची ओढाताण होते. वजनाच्या काट्यावर ते दिसतंच आहे.

आता कच्च्या थराची डागडुजी. आंघोळ रोज, पण पाच ते दहा मिनिटं आणि कोमट पाण्याने. नाशिकच्या थंडीत कढत पाणी घ्यायचा मोह होतो, कढत पाण्याने खाजवल्यासारखं बरंही वाटतं, पण नंतर खाज आणखी वाढते. नेहमीच्या साबणाचा पीएच 9 ते 10 असतो आणि निरोगी त्वचेचा साडेचार ते साडेपाच. साबण तो आम्लपणा मोडतो आणि त्वचेतली चरबी धुऊन नेतो. म्हणून बिनसाबणी, बिनवासाचा क्लेन्झर घ्या आणि तोही काखा, जांघा आणि पाय एवढ्यापुरता. बाकी अंगाला नुसतं पाणी पुरतं. घासणी, दगड, डाळीचं पीठ, हळद, कडुलिंबाचा लेप यांपैकी काहीही नको. डाळीच्या पिठाबद्दल तर जास्त सांभाळा: भेगा पडलेल्या त्वचेतून अन्नाची प्रथिनं आत गेली की त्यांचीच अ‍ॅलर्जी जडू शकते. दिवाळीच्या उटण्यात त्याला वगळा.

टॉवेलने टिपायचं, चोळायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावायचं. बहुतेक घरांत चूक होते ती मात्रेत. सात वर्षांच्या मुलाला सर्वांगाला दिवसातून दोनदा लावायचं तर आठवड्याला 150 ते 250 ग्रॅम लागतं. शंभर ग्रॅमची बाटली महिनाभर पुरत असेल तर ते लावणं नव्हे. महागडंच हवं असं नाही. पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन किंवा ग्लिसरीन असलेलं, वास आणि रंग नसलेलं कुठलंही चालेल. सिरॅमाइडवालं परवडत असेल तर घ्या, नाहीतर साध्या जेलीने काम अडत नाही. युरिया असलेलं मुलांना झोंबतं. खोबरेल तेल चांगलं आहे, फिलिपाइन्समध्ये इसबाच्या मुलांवर झालेल्या चाचणीत ते खनिज तेलापेक्षा सरस ठरलं. पण मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल नको, ती त्वचेचा थर आणखी विस्कटतात. लावताना केसांच्या दिशेने, वरून खाली हात फिरवा, उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. डब्यात बोटं घालू नका, चमच्याने काढा, नाहीतर डबा जंतूंचं घर होतो. आणि एक धोका सांगायलाच हवा: जेली किंवा पॅराफिन मुरलेले कपडे आणि चादरी पटकन पेट घेतात. धुतल्यानेही ती पूर्ण निघत नाही, म्हणून फुलबाजी, समई यांपासून त्याला लांबच ठेवा.

स्टेरॉइडची भीती. ती भीती चुकीच्या ट्यूबने बसवली आहे. मेडिकलमधून मिळालेल्या ट्यूबेचं खोकं शोधा. त्यावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन, सोबत बुरशीचं औषध आणि एखादं अँटिबायोटिक असं तीन-चार नावांचं कडबोळं असण्याची दाट शक्यता आहे. क्लोबेटासोल हे सर्वांत जोरदार गटातलं स्टेरॉइड आहे, लहान मुलाच्या मानेवर आणि सांध्यांच्या घड्यांत ते जायलाच नको. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ती विकली जातात आणि त्वचा पातळ होणं, लाल शिरा दिसणं, चट्टे पडणं हे सगळं त्यातून होतं. योग्य ताकदीचं मलम, योग्य जागी, ठरलेले दिवस वापरलं तर हे नुकसान होणं विरळा. उलट इसब भडकत ठेवलं तर त्वचा जाड, काळी आणि चामड्यासारखी होत जाते.

साधारणपणे डॉक्टर कोपर आणि गुडघ्यांच्या घड्यांसाठी मोमेटासोन 0.1 टक्के किंवा फ्लुटिकासोन 0.05 टक्के दिवसातून एकदा देतील, आणि मानेसाठी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का किंवा टॅक्रोलिमस 0.03 टक्के. मोजमाप असं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि अर्ध्या ग्रॅमने मोठ्या माणसाचे दोन तळहात, बोटांसकट, झाकतील एवढी जागा भागते. बोट तुमचं मोजायचं, मुलाचं नाही. तुमचा तळवा त्याच्या चट्ट्यांवर ठेवून मोजा. चारही घड्या मिळून चार तळहात भरत असतील तर दोन पेरं, म्हणजे दिवसाला एक ग्रॅम. या हिशेबाने पंधरा ग्रॅमची ट्यूब पंधरवड्यात संपायला हवी. ती सहा महिने पुरतेय म्हणजे लावणारा हात घाबरतोय, आणि अर्धवट लावल्यामुळे आजार रेंगाळून शेवटी स्टेरॉइड जास्तच लागतं. मॉइश्चरायझर आणि मलम यांत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवा.

थांबवायचं कधी? लाली गेली म्हणून नाही. डोळे मिटून बोट फिरवा: आजूबाजूच्या त्वचेइतकंच मऊ लागलं, खरखर नाही, जाडी नाही, खाजही नाही, तेव्हा. याला सात ते चौदा दिवस लागतात. तुमची ट्यूब तिसऱ्या दिवशी थांबत होती, आणि आठवड्यात परत येण्याचं कारण तिथे आहे.

दुसरं कारण अधिक खोल आहे. त्वचा साफ दिसू लागली तरी काही टी-पेशी तिथेच मुक्काम करून राहतात. त्यांना स्मृती-पेशी म्हणतात. चांगल्या अर्थाने त्या जुना जंतू परत आला तर ओळखायला असतात, पण इसबात त्याच जागी, त्याच घडीत भडका परत परत का येतो याचंही उत्तर त्यांच्यात आहे. वरून तण कापावं आणि मुळं जमिनीत राहावीत, तशी गत. म्हणून त्वचा साफ झाल्यावरही तेच मलम नेहमीच्या जागांवर आठवड्यातून दोन दिवस, समजा शनिवारी आणि रविवारी, काही महिने चालू ठेवायचं असतं. काहीच दिसत नसताना मलम लावायला हात धजावत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण संपूर्ण उपचारात सर्वांत जास्त फरक पाडणारी आणि सर्वांत जास्त वेळा गाळली जाणारी पायरी हीच. सलग रोज जोरदार ट्यूब लावण्यापेक्षा अशा पद्धतीत एकूण स्टेरॉइड कमीच लागतं.

टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नाही. टी-पेशींना जागं होण्यासाठी कॅल्सिन्युरिन नावाचं विकर लागतं, ते टॅक्रोलिमस अडवतं. त्वचा पातळ होत नाही म्हणून मान, चेहरा, पापण्यांभोवती ते सोयीचं. पहिले चार-पाच दिवस आग होते. बहुतेक आया याच वेळी ट्यूब फेकतात. ओलसर त्वचेवर लावल्याने आग वाढते, तेव्हा पूर्ण कोरडी झाल्यावर लावा, ट्यूब आधी फ्रीजमध्ये ठेवा, आणि आठवडाभर धीर धरा. इसब उतरू लागलं की आगही जाते.

रात्रीच का वाढतं हेही सांगतो. रात्री शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल सर्वांत खालच्या पातळीवर असतं, त्वचा गरम होते, तिच्यातून पाणी जास्त उडतं आणि लक्ष वेधून घ्यायला दुसरं काही नसतं. म्हणून मॉइश्चरायझरचा दुसरा हात झोपायच्या तासभर आधी. लोकर थेट अंगाला नको, आत पूर्ण बाह्यांचा सुती बनियन. पांघरूण हलकं. नखं आठवड्यातून दोनदा कापून कानशीने गोल करा.

फार भडकलेल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून ओली पट्टी करता येते. संध्याकाळी आंघोळ, मग सांगितलेलं मलम, मग भरपूर मॉइश्चरायझर. जुन्या सुती बनियनच्या किंवा लेगिंगच्या नळ्या कापून कोमट पाण्यात भिजवा, घट्ट पिळा, हातापायांवर चढवा, वर तशीच कोरडी नळी. दोन तास ते रात्रभर, तीन ते सात दिवस. यात मलम जास्त शोषलं जातं म्हणून मनाने करायचं नाही, आणि त्वचेतून लस वाहत असेल तर अजिबात नाही.

लस वाहणं, मधासारखी पिवळी खपली, अचानक वाढलेलं दुखणं म्हणजे स्टॅफिलोकोकस जंतूंचा संसर्ग. हा जंतू इसबाच्या त्वचेवर एरवीही जास्त असतो आणि नुसता बसून राहत नाही: त्याचं एक विकर मज्जातंतूंना थेट चेतवून खाज आणतं, हे हार्वर्डच्या गटाने 2023 मध्ये दाखवलं. संसर्गाला अँटिबायोटिक लागतं, किती आणि कोणतं ते डॉक्टर ठरवतील. खपली नसताना 'खबरदारी म्हणून' अँटिबायोटिकची ट्यूब लावत राहू नका, त्याने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. आणि एक चित्र लक्षात ठेवा: एकाच मापाचे, पंचने पाडल्यासारखे गोल खड्डे झपाट्याने पसरतायत, ताप आहे, मूल मलूल आहे. तो नागिणीच्या कुटुंबातल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. मग दिवस-रात्र न बघता त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. घरात कुणाच्या ओठावर तापाची फोडं आली असतील तर त्या दिवसांत त्यांनी मुलाची पापी घेऊ नये.

हे सगळं सहा ते आठ आठवडे नीट, मात्रेनिशी करूनही झोप उडतच असेल तर पुढची पायरी आहे. तोंडाने स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा महिनाभर टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन ही ती पायरी नव्हे. त्यांनी चार दिवस चमत्कार दिसतो आणि मग आजार आधीपेक्षा जोरात उलटतो. जुनी औषधं म्हणजे सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्सेट, ती साऱ्याच टी-पेशींना आवरतात, म्हणून रक्तदाब, मूत्रपिंड, यकृत यांच्या तपासण्या करत द्यावी लागतात. नवं औषध डुपिलुमॅब, आयएल-4 आणि आयएल-13 या दोघांनाच त्यांच्या ग्राहकावर अडवणारं. अमेरिकेत ते 2017 मध्ये प्रौढांसाठी आलं आणि 2022 पासून सहा महिन्यांच्या बाळांपर्यंत मान्य झालं. 15 ते 30 किलो वजनाच्या मुलांना सुरुवातीच्या मोठ्या डोसनंतर दर चार आठवड्यांनी त्वचेखाली इंजेक्शन असतं. डोळे लाल होणं हा त्याचा काहींना होणारा त्रास. भारतात मिळतं, पण खर्च मोठा आहे आणि अनेक महिने चालवावं लागतं, त्यामुळे साध्या गोष्टी नीट करून पाहिल्याशिवाय तिकडे वळू नका. आयएल-31 ला अडवणारं नेमोलिझुमॅब अमेरिकेत 2024 च्या डिसेंबरमध्ये बारा वर्षांपुढच्यांसाठी मान्य झालं, तुमच्या मुलाला अजून अवकाश आहे.

पहिल्या भेटीला जाताना आयजीईचा रिपोर्ट, वजनाच्या नोंदी, त्या ट्यूबचं खोकं आणि चट्ट्यांचे भडकलेल्या रात्रीचे फोटो न्या. क्लिनिकमध्ये त्वचा नेमकी त्या दिवशी शांत असते. डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्या: कुठल्या जागेला कुठलं मलम, किती पेरं, आणि साफ झाल्यावर आठवड्यातले कोणते दोन दिवस. तो कागद मुलाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, म्हणजे तुम्ही नसताना आजीलाही लावता येईल.